कॅरमल कस्टर्ड, गॅसच्या शेगडीवर : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

२३ फेब्रुवारीला दादा-वहिनीच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. हॉल वगैरे काही नाही, घरीच जेवण, सगळे मिळून पंचवीसेक माणसं. गोडाचं माझ्याकडे आलंय. वहिनीने फोनवर एवढंच सांगितलं, "श्रीखंड, गुलाबजाम काही नको हं. गुडलकमध्ये मिळतं ना, तसं कॅरमल कस्टर्ड करशील?" लग्न ठरल्यावर दोघं भेटायचे ते डेक्कनच्या गुडलक कॅफेमध्येच, त्यामुळे मागणी कुठून आली ते विचारावं लागलं नाही.

गुडलक १९३५पासून आहे. बनमस्का, चहा आणि बशीत उलटं केलेलं थरथरतं कस्टर्ड हा तिथला क्रम पुण्यात अनेकांच्या अंगवळणी पडलेला आहे. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया त्याहून जुनं, १९२३चं; तिथेही बेरी पुलावानंतर लोक हेच मागवतात. पारशी लग्नातलं लगननु कस्टर याचंच भावंड म्हणावं, पण त्यात दूध आटवतात, जायफळ-वेलची घालतात आणि भट्टीत वरून चांगलं खरपूस करतात. आपल्याला ते नको. आपल्याला साधं हवं: दूध, अंडी, साखर आणि खाली कॅरमल.

मला नेमकं काय हवंय ते लिहून ठेवते. चमचा घातला की कड सरळ कापली गेली पाहिजे, आत एकही छिद्र नको. जिभेवर दाबलं की विरघळलं पाहिजे. कॅरमलला कडवट अंग हवं, नुसता गोड पाक नको. अंड्याचा वास अजिबात नको. आणि हे सगळं शेगडीवर, कारण माझ्याकडे ओव्हन नाही. ज्यांच्याकडे ओव्हन नाही अशी घरंच आपल्याकडे जास्त, म्हणून हे शेगडीवर नीट जमवायला मला विशेष हुरूप आहे.

सुरुवातीचं प्रमाण: दूध ५०० मिली, अंडी ४, साखर ७५ ग्रॅम, व्हॅनिला १ छोटा चमचा, चिमूटभर मीठ. साखर वाटीने मोजायची नाही, काट्यावर तोलायची.


८ जानेवारी, बुधवार

थर्मामीटर आला. काडीसारखा, अन्नात खुपसायचा. आधी त्याची परीक्षा घेतली. बर्फ घातलेल्या पाण्यात शून्य दाखवतो. खळखळ उकळत्या पाण्यात ९८ दाखवतो, आणि तेच बरोबर आहे: पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. मुंबईच्या कुणी माझ्या वेळा जशाच्या तशा वापरल्या तर तिथली वाफ थोडी जास्त कडक असणार, हे इथेच नोंदवते.

आता मुख्य गोष्ट. अंड्याचा पांढरा भाग ६२ अंशांपासून घट्ट व्हायला लागतो, बलक ६५च्या पुढे. पण कस्टर्डमध्ये अंडं दुधात पसरलेलं असतं आणि जोडीला साखर असते. दोन्हींमुळे प्रथिनांना एकमेकांना गाठायला जास्त उष्णता लागते, म्हणून कस्टर्ड ८० ते ८२ अंशांना धरतं. ८५च्या पुढे मात्र ते बिघडायला लागतं. प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडून त्यांचं जाळं तयार होतं आणि त्या जाळ्यात दूध अडकून राहतं, हे झालं कस्टर्ड. आच आणखी लागली की तेच जाळं आकसतं आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतं.

म्हणजे आपल्या हातात फक्त चार-पाच अंश आहेत. आणि भोवतीचं पाणी उकळलं तर ते ९८ला. सगळ्या कृतीत मला सांभाळायचं आहे ते एवढंच. दूध कोणतं, अंडी किती, हे त्यानंतर.


१२ जानेवारी, रविवार

आज एकाच मिश्रणाच्या तीन वाट्या भरल्या आणि मुद्दाम तीन वेगळ्या आचेवर ठेवल्या. स्टीलच्या वाट्या, प्रत्येकीत १०० मिली, कॅरमल न घालता.

पहिली वाटी: पातेल्यात खळखळतं पाणी, घट्ट झाकण, मोठा गॅस. पंधरा मिनिटांत वरून फुगली, आतलं तापमान ९३. गॅस बंद केल्यावर मध्ये खचली. कापल्यावर कडेला ढोकळ्यासारखी जाळी, आणि बशीत काढून दहा मिनिटं ठेवली तर भोवती पिवळसर पाणी साचलं. अंड्याचा वास लांबून येत होता. चावली तर दाताखाली किंचित कचकच.

दुसरी वाटी: कुकरमध्ये, शिट्टी काढून, मध्यम आच. बऱ्याच घरांत असंच करतात. ही पहिलीपेक्षा चांगली, पण कडेच्या अर्ध्या इंचात बारीक छिद्रं आणि मध्यभाग मऊ. कडेचं तापमान मध्यभागाच्या फार पुढे जातं, त्यामुळे एकाच वाटीत दोन पदार्थ झाल्यासारखे लागतात.

तिसरी वाटी: रुंद पातेल्यात तळाला दुमडलेलं सुती फडकं, त्यावर वाटी, वाटीच्या अर्ध्यापर्यंत पाणी, पाण्याचं तापमान ८५ ते ८८च्या मध्ये. झाकणाला आतून पंचा बांधला म्हणजे वाफेचे थेंब कस्टर्डवर पडत नाहीत. झाकण एका बाजूने चमच्याच्या दांड्यावर टेकवून किंचित उघडं. पस्तीस मिनिटं लागली. आतलं तापमान ८१ झाल्यावर बाहेर काढली.

ही कापली तेव्हा सुरीवर काही चिकटलं नाही आणि कापलेला भाग काचेसारखा चकचकीत होता. छिद्र एकही नाही. आई शेजारी उभी होती. तिने चमचाभर घेतलं, काही न बोलता वाटीच उचलली.

पाणी ८८च्या वर जाऊ न देणं हे आपल्या शेगडीवर सोपं नाही. सगळ्यात लहान बर्नर सगळ्यात बारीक केला तरी झाकलेलं पातेलं हळूहळू उकळीला येतंच. उपाय जुनाच: बर्नरवर जाड लोखंडी तवा आणि तव्यावर पातेलं. पुलावाला दम देताना करतो तेच. तवा आधी पाच मिनिटं तापू द्यायचा.


१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

आज गुळाच्या पोळ्या, कस्टर्डला सुट्टी. पण पोळ्या भाजता भाजता आईशी बोलणं झालं ते नोंदवण्यासारखं आहे.

मी तिला ८१ अंशांचं सांगत होते. ती म्हणाली, "अगं, खरवसाला कधी मोठा गॅस ठेवलेला पाहिलास का मला? पाण्याला नुसता धूर यायला हवा, उकळी नाही. उकळी आली की खरवस पाणी सोडतो." तिने थर्मामीटर कधी हातात धरलेला नाही, पण सांगतेय तेच.

खरवसात अंडं नसतं, तरी तो धरतो. व्यायल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांच्या चिकात उष्णतेने घट्ट होणारी प्रथिनं भरपूर असतात, वासराला रोगप्रतिकारशक्ती देणारी प्रथिनं त्यातलीच. साध्या दुधात ती फार थोडी, म्हणून साधं दूध कितीही वाफवलं तरी वडी पडत नाही. कस्टर्डमध्ये जे काम अंडं करतं ते खरवसात चीकच करतो. ज्यांना खरवस जमतो त्यांना कस्टर्ड जमायलाच हवं, पाणी आणि झाकण सांभाळायची सवय त्यांच्या हातात आहेच.

आईने विचारलं, साखरेऐवजी गुळाचं कॅरमल का करत नाहीस. गुळात साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात, ती कमी आचेवरच रंग धरतात आणि लवकर करपतात. शिवाय गुळाच्या आम्लाने गरम दूध फाटतं, हे खिरीत आपण नेहमी पाहतो. गुळाचा पाक नंतर वरून घेता येईल. तळाशी साखरच.


१९ जानेवारी, रविवार

आजचा पूर्ण दिवस कॅरमलला दिला. मला यातला सगळ्यात आवडता भाग हाच, म्हणून जरा सविस्तर.

दोन रीती. कोरडी: कढईत नुसती साखर, ढवळायची नाही, कडेने विरघळायला लागली की कढई हलकेच फिरवायची. ओली: १०० ग्रॅम साखरेला २ मोठे चमचे पाणी, आधी पाक, मग पाणी उडून गेलं की रंग. कोरडी रीत भराभर होते पण साखर सगळीकडे एकसारखी वितळत नाही. एका कोपऱ्यात करपते तेव्हा दुसऱ्या कोपऱ्यात दाणे असतात. ओल्या रीतीत वेळ जास्त, पण रंग सगळीकडे एकदम चढतो. पंचवीस माणसांसाठी ओलीच.

ओल्या रीतीत भीती एकाच गोष्टीची: पाक परत साखर होण्याची. कढईच्या कडेला उडालेला एक दाणा आत पडला तरी त्याच्याभोवती बाकीची साखर जमायला लागते. म्हणून उकळी आल्यावर चमचा घालायचा नाही. लिंबाचे चार थेंब सुरुवातीलाच टाकले की काही साखर ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये मोडते आणि मग दाणे जमायला अडसर येतो. पाकाच्या लाडवांना लिंबू पिळतात ते याचसाठी.

रंग स्टीलच्या पातेल्यात नीट दिसतो, काळ्या नॉनस्टिकमध्ये दिसत नाही. आज बल्ब लावून, तोंड जवळ न नेता, बारकाईने पाहिलं. १६० अंशांना कडेला फिकट पिवळी रेघ उमटली. बुडबुडे आधी मोठे आणि भराभर फुटणारे होते, ते आता लहान आणि संथ झाले. १७०ला मधाचा रंग, वास अजून नुसता गोड. १७५च्या पुढे लालसर तपकिरी, आणि इथे वास बदलतो: गोडाच्या मागे भाजल्याचा कडवटपणा येतो. १८०ला पहिला बारीक धूर. मला हवा तो रंग धूर दिसण्याच्या ऐन आधीचा आहे. धुरानंतर पाच-सात सेकंदांतच ते काळपट होतं आणि मग कडूच लागतं.

गॅस बंद केला तरी पातेल्याच्या उष्णतेने रंग चढत राहतो. म्हणून रंग एक छटा अलीकडे असतानाच गॅस बंद करून १ मोठा चमचा गरम पाणी घालायचं. जोरात फसफसतं, हात लांब ठेवायचा, लांब दांड्याचा चमचा घ्यायचा. या पाण्याचे दोन फायदे: रंग तिथेच थांबतो, आणि वाटीच्या तळाशी कॅरमल दगडासारखं चिकटून राहत नाही, बहुतेक सगळं पाक होऊन बशीत येतं.

कॅरमल करताना लहान मुलं स्वयंपाकघरात नकोत. १७० अंशांचा पाक कातडीला चिकटला की सुटत नाही, उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी वाईट भाजतो. शेजारी थंड पाण्याचं मोठं भांडं भरून ठेवलं होतं.

चवीचं म्हणाल तर फिकट कॅरमल दिसायला छान, पण कस्टर्डखाली त्याचं अस्तित्वच जाणवत नाही. कस्टर्ड स्वतः गोड आणि सौम्य असतं, त्याला विरोधी चव हवी. गडद रंग धरायला धीर लागतो, पण तोच खरा.


२२ जानेवारी, बुधवार

दुधाची तुलना, थोडक्यात. फुल क्रीममध्ये ६ टक्के स्निग्धांश, गाईच्या पिशवीत साडेतीन, टोण्डमध्ये तीन. फुल क्रीमचं कस्टर्ड दाट आणि जड होतं, दोन चमच्यांनंतर कॅरमल मागे पडतं. टोण्डचं नाजूक, पण जिभेवर पाणचट. गाईचं दूध घ्यायचं ठरलं. स्निग्धपणा दुधापेक्षा बलकातून आलेला मला जास्त आवडतो.

दूध उकळून साय पूर्ण काढायची. सायीचा एक तुकडा राहिला तरी गुळगुळीतपणा जातो. उकळलेलं दूध ५० अंशांपर्यंत निवू द्यायचं, मग अंड्यांवर बारीक धारेने. अंडी काट्याने फेटायची, फेस येऊ द्यायचा नाही. बीटर वगैरे अजिबात नको, कारण प्रत्येक बुडबुडा नंतर छिद्र होऊन दिसतो.

गाळणं टाळू नये. अंड्यात बलकाला दोन्ही बाजूंनी मध्यभागी धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या पिळदार दोऱ्या असतात, त्या कितीही फेटल्या तरी मोडत नाहीत. चहाच्या बारीक गाळणीत त्या राहतात. गाळल्यावर मिश्रण वीस मिनिटं झाकून ठेवायचं आणि वर आलेला फेस चमच्याने काढायचा.


२६ जानेवारी, रविवार

आज अंड्यांचं प्रमाण. चार पूर्ण अंड्यांचं कस्टर्ड ताठ उभं राहतं, कडा सुरेख, पण खाताना थोडं रबरी. पांढऱ्या भागामुळे पदार्थ उभा राहतो आणि बलकामुळे तो मऊ होतो. नुसत्या बलकाचं केलं तर चव अप्रतिम, पण उलटं केलं की पसरतं. ते वाटीतच खायला ठीक.

३ पूर्ण अंडी आणि २ जादा बलक, ५०० मिली दुधाला. हे प्रमाण बरोबर बसलं. उलटं केल्यावर बुड किंचित रुंदावतं, ताटली हलवली की वरपासून खालपर्यंत लाट जाते, आणि पडत नाही. रंगही जास्त पिवळा, भूक चाळवणारा.

अंड्याच्या वासाबद्दल. लोक त्यावर व्हॅनिला वाढवत जातात. पण वास मुळात येतो तो पांढरा भाग जास्त वेळ जास्त तापल्यामुळे; त्यातल्या गंधकाचा वायू सुटतो. १२ तारखेच्या पहिल्या वाटीला वास होता, तिसरीला नव्हता, आणि मिश्रण एकच होतं. त्यामुळे व्हॅनिला एक छोटा चमचाच. अर्ध्या वाट्यांवर आज जायफळ किसून पाहिलं. जायफळ मला प्रिय आहे, पण त्याने कस्टर्डचं बासुंदीकडे वळण होतं. वहिनीला गुडलकचं हवंय. जायफळ नाही.


२ फेब्रुवारी, रविवार

आत्या आणि मामेबहीण अंडं खात नाहीत. त्यांच्यापुढे त्या दिवशी रिकामी बशी असावी हे मला चालणार नाही.

पहिला पर्याय कस्टर्ड पावडर. या पावडरीचा जन्मच अंडं टाळण्यासाठी झाला: बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने १८३७ साली ती बनवली, कारण त्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती. मुळात ते कॉर्नफ्लोअर, त्यात रंग आणि सुवास. त्याची वागणूक अंड्याच्या अगदी उलट. स्टार्चला उकळी लागते, ती दिली नाही तर कच्ची पिठूळ चव राहते. अंडं आणि कॉर्नफ्लोअर एकत्र असलं तर स्टार्च अंड्याला सांभाळून घेतो आणि ते उकळलं तरी फाटत नाही. केकमध्ये भरायचं क्रीम उकळवता येतं ते यामुळे. काही घरगुती पाककृतींत कॅरमल कस्टर्डमध्ये चमचाभर पावडर घालायला सांगतात, त्याचं कारण हेच. आच चुकली तरी पदार्थ वाचतो. पण पोत जाड होतो, आणि जिभेवर विरघळणं जातं. मला ते नको.

दुसरा पर्याय चायना ग्रास, म्हणजे समुद्री शेवाळापासूनचं अगर. ५०० मिली दुधाला ५ ग्रॅम पट्ट्या, आधी थोड्या पाण्यात भिजवून मग पूर्ण विरघळेपर्यंत उकळायच्या, दुधात ७५ ग्रॅम साखर आणि व्हॅनिला, दोन्ही गरम असतानाच एकत्र करून कॅरमल घातलेल्या वाटीत ओतायचं. ३५-४० अंशांना आपोआप घट्ट होतं, आणि एकदा धरलं की ८५च्या आत पुन्हा वितळत नाही, म्हणजे फेब्रुवारीच्या दुपारी टेबलावर निश्चिंत. हे कस्टर्ड नाही, कापताना त्याचा तुटक आवाज येतो आणि दाताखाली ते खुसखुशीत मोडतं. पण कॅरमल तेच, आणि दूध थोडं आटवून घेतलं तर खाऊन समाधान होतं. आत्यासाठी दूध पाऊण होईपर्यंत आटवणार.


९ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या काकूंनी त्यांचा ओटीजी वापरायला दिला. "तुझं कस्टर्ड होईपर्यंत मी इथेच बसते, मला शिकायचंय," म्हणाल्या. सहा इंची ॲल्युमिनियमच्या डब्यात, खोलगट ट्रेमध्ये गरम पाणी, १५० अंश, पन्नास मिनिटं.

छान झालं. ओव्हनमध्ये उघड्या ट्रेतलं पाणी उकळत नाही, कारण वरून सतत वाफ होऊन जाते आणि त्यात पाणी गार होत राहतं. मात्र ट्रेवर फॉइल ताणून लावली तर तीच वाफ अडकते आणि पाणी उकळीला येतं. फॉइल लावायची तर फक्त डब्याच्या तोंडावर. शेगडीवर झाकणाखाली चमचा ठेवून मी जे करतेय ते याच कारणाने चालतं, हे ओटीजीने पक्कं करून दिलं.

चवीत शेगडीवरचं आणि हे, डोळे मिटून ओळखता येत नाही. काकूंनाही ओळखता आलं नाही. वरची पातळ साय ओव्हनमध्ये जरा जाड येते, उलटं केल्यावर ती खाली जाते, फरक पडत नाही.

डबा की वाट्या? मोठ्या डब्यात कड आणि मध्य यांच्यात अंतर जास्त, आणि पंचवीस जणांना कापून वाढताना शेवटचे तुकडे विस्कटतात. प्रत्येकापुढे स्वतःचं उलटं केलेलं कस्टर्ड यावं, गुडलकमध्ये येतं तसं. स्टीलच्या वाट्या, निमुळत्या बुडाच्या, सरळ कडांच्या नकोत.


१६ फेब्रुवारी, रविवार

हिशोब. ५०० मिली दूध, ३ अंडी, २ बलक, ७५ ग्रॅम साखर यांच्या मिश्रणात १०० मिलीच्या ७ वाट्या भरतात. चौपट केलं की २८. म्हणजे २ लिटर दूध, २० अंडी (१२ पूर्ण, ८ फक्त बलक), ३०० ग्रॅम साखर मिश्रणाला, ४०० ग्रॅम कॅरमलला. कॅरमल चारशे ग्रॅमचं एकदम करायचं नाही. पहिल्या वाट्या भरेपर्यंत उरलेलं पातेल्यात गडद होत जातं आणि शेवटच्या वाट्या कडू होतात. दोनशे-दोनशे ग्रॅमचे दोन घाणे.

दोन शेगड्या, दोन पातेली. माझ्या मोठ्या पातेल्यात ८ वाट्या सुटसुटीत बसतात, मोदकपात्रात ६. वाट्या एकमेकींना चिकटता कामा नयेत, मधून पाणी फिरायला हवं. मोदकपात्राच्या जाळीवर वाट्या पाण्यात नसतात, नुसत्या वाफेत असतात. तिथे झाकण जास्त उघडं ठेवावं लागतं, नाहीतर बंद वाफ म्हणजे ९८ अंश. बोटभर फट ठेवली तर आतली हवा ८६च्या आसपास राहते, आज थर्मामीटर जाळीवर ठेवून पाहिलं. वेळ मात्र पाच मिनिटं जास्त.

झालं की नाही ते थर्मामीटरशिवाय ओळखायचं असेल तर वाटीला बाजूने हलकी टिचकी मारायची. कडेचा भाग स्थिर आणि मधला रुपयाएवढा भाग थरथरतो, हीच वेळ. सगळं स्थिर झालं असेल तर उशीर झाला. सुरी घालून कोरडी येते का पाहतात, पण ती कोरडी येईपर्यंत कस्टर्ड ८५च्या जवळ गेलेलं असतं. बाहेर काढल्यावरही वाटीच्या उष्णतेने दोन-तीन अंश चढतात, म्हणून ८० दिसताच काढते.


२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी सहाला सुरुवात, साडेअकराला सगळ्या वाट्या फ्रीजमध्ये. पुतणी मदतीला होती. तिला वाट्यांत कॅरमल फिरवायचं काम दिलं नाही, फेस काढायचं दिलं, आणि तिने ते इतकं मन लावून केलं की एकाही वाटीवर बुडबुडा नव्हता.

कॅरमल वाटीत ओतल्यावर तळ झाकण्यापुरतं फिरवून दहा मिनिटं कडक होऊ दिलं. मग मिश्रण चमच्याच्या पाठीवरून ओतलं, म्हणजे धार कॅरमलवर थेट आपटत नाही. वाट्या बाहेर काढल्यावर पूर्ण निवू दिल्या, गरम वाट्या फ्रीजमध्ये ठेवल्या तर झाकणावर पाणी साचतं. प्रत्येक वाटीवर झाकण हवंच, कस्टर्ड फ्रीजमधला कांद्या-लसणाचा वास लगेच ओढून घेतं.

रात्रभर ठेवणं अत्यावश्यक आहे. कॅरमल पाणी शोषतं. कस्टर्डमधला ओलावा त्याला मिळत राहतो आणि कडक थराचा सकाळपर्यंत पाक होतो. चार तासांत उलटं केलं तर अर्धं कॅरमल वाटीतच राहतं. आणि कॅरमलचा तो खोल स्वाद कस्टर्डच्या खालच्या थरात शिरायलाही तेवढाच वेळ लागतो.

संध्याकाळी आत्यासाठी चायना ग्रासच्या वाट्या केल्या, दोन जास्तच. वाट्यांवर दोरा बांधून खूण केली.


२३ फेब्रुवारी, रविवार

जेवणं अडीचला आटोपली तेव्हा वाट्या बाहेर काढल्या. पातळ सुरी वाटीच्या कडेने एकदा फिरवायची, सुरीची धार स्टीलकडे. मग वाटीचं बुड गरम पाण्यात वीस सेकंद. बशी पालथी घालायची, दोन्ही घट्ट धरून एका झटक्यात उलटं करायचं आणि वाट बघायची. आधी काही होत नाही. मग आत हवा शिरते, एक ओलसर 'थप्प' येतं, वाटी हलकी होते. उचलली की पाक वरून ओघळून चारी बाजूंनी बशीत उतरतो.

वहिनीने पहिला चमचा घेतला आणि दादाकडे पाहून म्हणाली, "अहो, खाली कडू आहे बघा, तसंच." दादाने आपली बशी संपवून माझ्याकडे आणखी एक मागितली. त्याला गोड फारसं आवडत नाही.

आत्याने दोऱ्याच्या दोन वाट्या खाल्ल्या. मामेबहिणीला कृती हवी आहे, तिला चायना ग्रासचं प्रमाण लिहून दिलं आणि कॅरमल करताना काय जपायचं ते दोनदा सांगितलं.

उरलेल्या तीन वाट्या झाकून ठेवल्यात, मंगळवारपर्यंत चांगल्या राहतील. रिकाम्या वाट्यांच्या तळाला जे कॅरमल राहिलं होतं त्यावर उकळतं दूध ओतून पुतणीला दिलं. आठ अंड्यांचा पांढरा भाग कालपासून फ्रीजमध्ये आहे, त्याची उद्या सकाळी भरपूर कांदा आणि हिरवी मिरची घालून भुर्जी.